खर्सूधारेचा उतार

"तुझा नवरा दमल्यावर कसा वळतो?"

माझ्या बुटाचा खटका बर्फाने गोठला होता. सुशीलादीदी माझ्या पायाशी उकिडव्या बसून काठीच्या मुठीने तो ठोकून सैल करत होत्या. प्रश्न विचारताना त्यांनी मान वर केली नाही.

"बरा वळतो," मी म्हणाले.

"बरा म्हणजे? स्की समांतर राहतात, की पाय फाकतात?"

"समांतर राहतात."

"आणि उभ्या उतारावर अडकला तर? स्की आडव्या ठेवून घसरत घसरत खाली येता येतं त्याला?"

"येतं."

खटका सुटला. त्यांनी तो पुन्हा नीट आवळला, हातमोजे झटकले आणि उभ्या राहून माझ्याकडे पाहिलं. "मी त्याला पाच दिवस पाहिलंय, तेही दाबून सपाट केलेल्या उतारावर. तिकडे वर सपाट केलेलं काही नाही. म्हणून तुला विचारते."

"येईल तो, दीदी. मी सांगते ना."

हे औलीतलं, २००४ सालच्या फेब्रुवारीतलं. दीदी हिंदीतच बोलायच्या, गढवाली हेल काढून. मी मराठीत सांगते आहे इतकंच. सुशीला भुजवाण हे त्यांचं पूर्ण नाव. त्या जोशीमठच्या. वय तेव्हा अडतीस. त्या भागात वरच्या जंगली उतारांवर माणसं घेऊन जाण्याची परवानगी असलेल्या त्या एकट्याच बाई होत्या. लग्नाआधी मी त्यांच्याकडेच दोन वर्षं शिकले होते, आधी प्राथमिक आणि मग पुढचा अभ्यासक्रम. नाशिकला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मुलीला बर्फ कशाला हवा, असं घरी सगळे विचारत. मला त्याचं उत्तर देता यायचं नाही. उतारावर पहिलं वळण घेतलं की डोक्यातली सगळी बडबड थांबायची, एवढं खरं.

लग्नानंतर चार वर्षं जमलं नाही. त्या वर्षी श्रीरंगच म्हणाला, "चल, बघू तरी तुझा तो बर्फ." श्रीरंग म्हणजे माझा नवरा. उंच, रुंद खांद्यांचा, क्लबाकडून क्रिकेट खेळलेला, जाईल तिथे पहिल्या दहा मिनिटांत माणसं गोळा करणारा. दोन दिवसांत तो उभा राहायला शिकला आणि पाचव्या दिवशी खुर्चीच्या पाळण्याखालच्या उतारावरून माझ्याआधी खाली पोचायला लागला. जोर होता त्याच्यात. स्कीच्या कडा बर्फात रोवून, मांड्यांच्या ताकदीवर तो वळायचा. खाली पोचला की काठी उंचावून वर मला ओरडायचा, "सुनेत्रा, हात पुढे ठेव, हात!" आजूबाजूचे लोक हसायचे. मीही हसायचे.

दीदी मला खर्सूधारेला, वरच्या जंगली उतारावर, नेणार हे कळल्यावर तो लगेच म्हणाला, "मग मीही येतो." दीदी सकाळी सांगते म्हणाल्या. आणि सकाळी त्यांनी मला विचारलं.

तो चहाच्या टपरीतून बाहेर आला. "काय ठरलं?"

"चला," दीदी म्हणाल्या. "पण वर मी सांगीन तसं. उतार कसा निवडायचा माहीत आहे? आपलं सगळ्यात वाईट वळण जिथे झेपेल तो उतार आपला. चांगल्या वळणांच्या भरवशावर निवडायचा नाही."

"माझं वाईट वळण अजून तुम्ही पाहिलंच नाही, दीदी."

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

पाळण्याने वर जाऊन पुढे दीड तास चढायचं होतं. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून, पाय ओढत. ऊन स्वच्छ होतं, वारा अजिबात नव्हता. दीदी पुढे, श्रीरंग मध्ये, मी मागे. श्रीरंगचा श्वास मला ऐकू यायला लागला तेव्हा आम्ही निम्म्यावरही नव्हतो. एरवी सतत बोलणारा माणूस पाऊण तास बोलला नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. दीदी मध्येच थांबून पाणी पीत आणि त्याच्याकडे बघत.

खर्सू म्हणजे तिकडचा उंचावरचा ओक. धारेच्या माथ्यावर मोकळा बर्फ होता, गुडघ्यापर्यंत भुसभुशीत. त्याच्याखाली या झाडांचं जंगल सुरू व्हायचं आणि त्यातून एक अरुंद घळ सरळ खाली जायची. घळीचा वरचा भाग बराच उभा. दीदींनी काठी बर्फात खुपसून पाहिली, दोन पावलं सरकून पुन्हा खुपसली.

"वर मऊ आहे. खाली कुठेकुठे पापुद्रा धरलाय. इथे कडा रोवायच्या नाहीत. दोन्ही पायांवर सारखं वजन, वर उठायचं आणि हलकेच खाली बसायचं, लयीत. मागे झुकलात की संपलं. आणि झाडांकडे बघायचं नाही, दोन झाडांमधल्या जागेकडे बघायचं. तुम्ही दोघंही इथे मला तीन तीन वळणं करून दाखवा."

मी केली. चार वर्षांनी केली, पण शरीर विसरलं नव्हतं. तिसऱ्या वळणानंतर बर्फाची धूळ माझ्या कमरेपर्यंत उडाली आणि मी मोठ्याने हसले.

श्रीरंगनेही केली. तीनही वळणं पुरी झाली, तो पडला नाही. पण खांदे मागे होते, गुडघे ताठ होते, आणि तिसऱ्या वळणात स्की त्याला नेत होत्या, तो स्कींना नेत नव्हता. हे मला दिसलं. दीदींनाही दिसलं. त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"धारेवरून परतही जाता येईल," त्या हळू म्हणाल्या. "मोकळ्या बाजूने. आल्या वाटेने."

श्रीरंग धापा टाकत वीस पावलांवर उभा होता. त्याला ऐकू गेलं नव्हतं.

"चढून आलाय म्हणून अंग आखडलंय," मी म्हणाले. "खाली मोकळा होईल."

"नक्की?"

"नक्की."

नियम असा असतो की जाणकार पुढे, कच्चा मध्ये आणि मदत करू शकेल असा मागे. दीदी घळीत उतरल्या. बारा-पंधरा छोटी छोटी वळणं, एकसारखी, शिवणीच्या टाक्यांसारखी. खाली एका जाड खोडाशी कडेला थांबून त्यांनी काठी वर केली. श्रीरंगने माझ्याकडे पाहून डोळा मारला आणि निघाला.

पहिलं वळण चांगलं गेलं. दुसऱ्यात खालची स्की पापुद्र्याखाली शिरली. त्याने सवयीने कड रोवून जोर लावला, पाय पिळला गेला, बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग सुटलं आणि तो उताराला पाठ घासत आडवा झाला. सुटलेली स्की दीदींच्या बाजूने सुसाट खाली गेली आणि झाडीत दिसेनाशी झाली. तो थांबला तेव्हा एका पायात स्की, ती कशीबशी बर्फात अडकलेली, आणि दुसरा बूट हवेत आधार शोधतोय. माझ्यापासून तीसेक फूट खाली. दीदी त्याच्याही खाली, सत्तर-ऐंशी फुटांवर.

"हलू नका!" दीदी ओरडल्या. "जराही हलू नका! सुनेत्रा, उतर. त्याच्या खालच्या बाजूला येऊन आडवी उभी राहा!"

हे मला दोन वर्षं शिकवलेलं होतं. स्की आडव्या, घसरत त्याच्याजवळ जायचं, खालून त्याला टेकू द्यायचा, बुटाने बर्फ दाबून पायरी करायची, त्याला उभं करायचं. त्याच्याशी बोलत राहायचं. दहा सेकंदांचं अंतर होतं.

श्रीरंगने मान वर वळवली. टोपी डोळ्यांवर सरकली होती, ओठ पांढरे पडले होते. "सुनेत्रा," तो म्हणाला. मग पुन्हा, वेगळ्याच, मी कधी न ऐकलेल्या आवाजात, "सुनेत्रा, ये ना गं."

मी उभी होते.

"सुनेत्रा!" दीदींची दुसरी हाक आली.

त्याने माझ्याकडे पाहणं सोडलं आणि मोकळा पाय खाली रोवायचा प्रयत्न केला. बर्फ तुटला. अडकलेली स्की सुटली आणि तो पाठीवर घसरत निघाला, पाय खाली, हात पसरून, आणि त्या जाड खोडाच्या दिशेने जाताना त्याचा वेग वाढत गेला.

दीदी झाडाच्या कडेला सुरक्षित होत्या. त्यांना फक्त तिथेच उभं राहायचं होतं. त्या घळीत सरकल्या, स्की आडव्या केल्या, गुडघे वाकवले आणि त्याच्या वाटेत उभ्या राहिल्या. तो त्यांच्यावर आदळला. काहीतरी तुटल्याचा आवाज वरपर्यंत आला. दोघं मिळून एका बाजूला फेकली गेली, खोडापासून हातभर अंतरावर.

मग मी उतरले. आडवी घसरत, एकदाही न अडखळता.

त्याच्या नडगीचं हाड मोडलं होतं. तो शुद्धीवर होता आणि थरथरत होता. दीदी बसल्या होत्या, उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरून. त्यांनीच वायरलेसवरून खाली निरोप दिला, शांतपणे, जागा समजावून सांगत. त्यानंतर मी सगळं व्यवस्थित केलं. काठ्या आणि पट्ट्या वापरून त्याचा पाय बांधला, दोघांखाली पिशव्या सरकवल्या, माझं जाकीट दीदींना घातलं. स्ट्रेचर घेऊन चार माणसं यायला दोन तास लागले. त्यातला एक जण मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही होतात म्हणून बरं झालं." दीदींनी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी जोशीमठच्या एका छोट्या दवाखान्यात श्रीरंगचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि त्याला झोपेचं इंजेक्शन दिलं होतं. पलीकडच्या खोलीत दीदी होत्या. त्यांच्या गुडघ्याचे दोन्ही मुख्य बंध तुटल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं. देहरादूनला न्यावं लागणार होतं. त्यांचा भाऊ गाडीची सोय करायला गेला होता.

मी स्टूल ओढून बसले.

"मी तुला दोन हाका मारल्या," त्या म्हणाल्या.

"मला ऐकू नाही आल्या."

"वारा नव्हता, सुनेत्रा."

खिडकीबाहेर कुणीतरी बादली आपटली. मी मान खाली घातली.

"घाबरलीस का? घाबरलेली माणसं मी पाहिलीत. गुडघे थरथरतात, काठी घट्ट धरतात. तू तशी नव्हतीस. तू बघत होतीस."

मग मी सांगितलं. दोन दिवसांपूर्वी जेवणाच्या खोलीत त्यांनी श्रीरंगला विचारलं होतं, मार्चमध्ये मुलींचं शिबिर आहे, सुनेत्राला मदतनीस म्हणून तीन आठवडे ठेवून घेऊ का, तिचं तंत्र चांगलं आहे. मी मोजे वाळत घालून परत येत होते. दाराशीच थांबले, कारण मला त्याचं उत्तर ऐकायचं होतं. श्रीरंग हसला. म्हणाला, "अहो दीदी, तीन आठवडे? तिला तीन दिवसांत घर आठवून रडू येतं. तिला नाही झेपायचं. विचारूही नका, उगाच अवघडेल." टेबलावरचे सगळे हसले. दीदी बरं म्हणाल्या. त्यांनी मला विचारलंच नाही.

"मी आत आले तेव्हा त्याने मला शेजारी जागा करून दिली," मी म्हणाले. "माझ्या ताटात पोळी वाढली. त्याला वाटलंही नाही की काही झालंय. चार वर्षं असंच आहे, दीदी. मारहाण नाही, शिव्या नाहीत. मला काय झेपतं ते तो सांगतो, एवढंच. मला एकदा त्याला घाबरलेलं बघायचं होतं. एकदाच. तो पडेल हे मला माहीत होतं. पडावा म्हणूनच मी हो म्हटलं. तुम्ही मध्ये याल हे मला माहीत नव्हतं."

दीदींनी छताकडे पाहिलं. "मी मध्ये येणारच होते," त्या म्हणाल्या. "ते माझं कामच आहे." मग म्हणाल्या, "तुला विचारायला हवं होतं मी. शिबिराचं. नवऱ्याला विचारलं ही माझी चूक."

त्यांनी तेवढीच चूक माझ्यासमोर काढली, आणि ती स्वतःची. मला काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी प्रशिक्षण केंद्राचे एक अधिकारी अहवाल लिहून घ्यायला आले. दीदींनी देहरादूनला जाण्याआधीच आपला जबाब दिला होता. अधिकाऱ्यांनी मला तो वाचायला दिला. 'सोबतच्या व्यक्तीची क्षमता आणि बर्फाची स्थिती यांचा अंदाज घेण्यात माझी चूक झाली.' खाली सुशीला भुजवाण, सही. त्यांनी मला किती वेळा विचारलं आणि मी काय सांगितलं, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

"तुमचं काही वेगळं म्हणणं आहे का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

श्रीरंग शेजारच्या पलंगावर बसला होता, माझा हात धरून.

"नाही," मी म्हणाले, आणि साक्षीदाराच्या रकान्यात सही केली.

दीदींची वरच्या उतारांची परवानगी त्या वर्षी काढून घेतली. तशीही गुडघ्यामुळे त्या पुन्हा तिथे जाऊ शकल्या नसत्या, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं.

श्रीरंग बदलला. हे सांगायला सगळ्यात अवघड जातं. पाय बरा होईपर्यंत तीन महिने तो घरी होता. एका दुपारी म्हणाला, "त्या दिवशी सकाळी दीदी तुला माझ्याबद्दल विचारत होत्या ना? मी टपरीतून ऐकत होतो. तू छातीठोकपणे म्हणालीस, येईल तो. मला येत नव्हतं ते. आडवं घसरणं मी कधी केलंच नव्हतं. तरी तू माझ्या बाजूने बोललीस. मी तुझ्याबद्दल असं कधी बोललो नसतो, सुनेत्रा." त्याचे डोळे भरले होते. त्यानंतर तो मला विचारायला लागला. साध्या साध्या गोष्टी. तुला यायचंय का, तुला काय वाटतं, तू ठरव. मला पीएच.डी.ला दोन वर्षं पुण्याला राहायचं होतं, तेव्हा त्याने घर आणि मधल्या काळात झालेली आमची मुलगी दोन्ही सांभाळलं. लोक आमच्या संसाराचं उदाहरण देत. तो चांगला होताच, आणि दरवेळी तो चांगला वागला की मी त्याच्यासमोरून उठून जायचे.

चौदा वर्षांनी, २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये, आम्ही बद्रीनाथला जाताना जोशीमठला मुक्काम केला. मी एकटी दीदींकडे गेले. त्यांनी घराच्या दोन खोल्या प्रवाशांना द्यायला ठेवल्या होत्या. जिना उतरताना त्या कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या, उजवा पाय ताठ ठेवून. मला पाहून त्यांनी लगेच ओळखलं.

मी पर्समधून कागद काढला. सगळं लिहून आणलं होतं, त्यांनी काय विचारलं, मी काय सांगितलं, मी किती वेळ उभी राहिले. केंद्राला द्यायला. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचलं आणि कागद परत दिला.

"हे आता कोण वाचणार? तिथली माणसं सगळी बदलली. मी बावन्न वर्षांची झाले." मग विचारलं, "नवऱ्याला दिलंस का वाचायला?"

"नाही."

"मग माझ्याकडे काय घेऊन आलीस?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. चहा घेऊन जा म्हणाल्या, पण मी थांबले नाही.

त्याच दुपारी, हॉटेलच्या गच्चीवर, मी तो कागद श्रीरंगच्या हातात दिला. तो वाचत असताना मी समोरच्या डोंगराकडे बघत राहिले. त्याने दोनदा वाचला. मग घडी घातली, खिशात ठेवली आणि विचारलं, "त्या कुठे राहतात?"

मी पत्ता सांगितला. तो एकटाच गेला. तीन तासांनी आला. त्यांचं काय बोलणं झालं ते त्याने मला सांगितलं नाही, दीदींनीही कधी सांगितलं नाही. पण पुढच्या सहा महिन्यांत श्रीरंगने कुठे कुठे पत्रं लिहिली, दोनदा देहरादूनला गेला, आणि माझा तो कागद जुन्या अहवालाला जोडला गेला. माझ्या सहीखाली त्याची सही होती, साक्षीदार म्हणून. दर दिवाळीला तो दीदींना फोन करतो. बोलून झालं की फोन माझ्याकडे देतो.

आम्ही एकत्रच राहतो. तो अजूनही मला विचारतो, कुठे जायचं, काय घ्यायचं, काय ठरवायचं. कधी टोमणा मारला नाही, आवाज चढवला नाही. त्या कागदावर मी काय काय केलं ते सगळं लिहिलं होतं, का केलं ते लिहिलं नव्हतं. तो विचारील तेव्हा सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

सहा वर्षं झाली. सगळं विचारणाऱ्या या माणसाने मला तेवढं एक अजून विचारलेलं नाही.